सुतक नसलेली भावकी

मुलगी नाशिकला बँकेत, मुलगा सिन्नरजवळच्या माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर. दोन्ही घरं शेतकरी, दोन्हीकडून पसंती झालेली, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. तेवढ्यात मुलीच्या आजोबांच्या बहिणीनं मोडता घातला. घरात सगळे त्यांना आक्का म्हणतात. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "ते आपले भाऊबंद लागतात, लग्न कसलं लावता?"

आडनावं वेगळी, गावं वेगळी. मुलीकडचे निफाड तालुक्यातले, गोदाकाठचे. मुलाकडचे सिन्नरच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातले. मुलाच्या आजोबांना एवढंच ठाऊक होतं, की त्या घराशी आपला जुना घरोबा आहे. घरोबा कसला, हे त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

कायद्यानं पाहिलं तर प्रश्नच नव्हता. हिंदू विवाह कायदा 1955 सपिंड नातं, म्हणजे लग्नाला आड येणारं रक्ताचं जवळचं नातं, बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंत धरतो, तेही स्वतःची पिढी मोजून. आक्का ज्या पूर्वजांबद्दल बोलत होत्या, त्यांचा समान बाप कसाही मोजला तरी पाचाच्या पलीकडे जात होता. एका गोत्रात लग्न झालं म्हणून ते रद्द ठरत नाही, ही सोय तर 1946 च्या कायद्यानंच झाली. पण आक्का शहाऐंशीच्या. हे घर त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेलं. त्या तोंड फिरवून बसलेल्या असताना मांडव घालायची कुणाची छाती नव्हती.

मुलीचे वडील माझ्याकडे आले ते मोडी वाचून घ्यायला. हल्ली अशी माणसं पुष्कळ येतात. 2023 नंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी तर गावागावांतले जुने दप्तर हलले, आणि आपल्या खापरपणज्याचं नाव बहुतेकांनी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. या गृहस्थांना मात्र जातीचा दाखला नको होता. त्यांनी पत्र्याची एक पेटी पुढे ठेवली आणि म्हणाले, "आक्का म्हणते ते खरं असेल तर स्थळ सोडून देऊ. खरं नसेल तर तिला पटेल असं काहीतरी कागदावर दाखवा."

दोन्ही घरांच्या सांगण्यावरून नावं आणि गावं इथे दिलेली नाहीत. त्यामुळे माणसं नात्यानंच ओळखावी लागतील, आणि पुढे एका जागी त्यानं थोडा गोंधळ होईल. तो गोंधळ मुळातच त्या घरात होता.

आक्कांची गोष्ट

आक्कांनी सांगितलेलं असं. त्यांचे आजोबा आणि आजोबांचा धाकटा भाऊ छप्पनच्या दुष्काळात सिन्नरकडून बैलगाडीनं गोदाकाठी आले. दोघं एका चुलीवर जेवले. पुढे वाटणी झाली, धाकटा रुसला आणि माघारी निघून गेला. तिकडे गेल्यावर त्यानं आडनाव बदललं. सिन्नरचं हे घर त्याच धाकट्याचं. आणि हो, आपण मूळचे पेशव्यांच्या पदरचे घोडेस्वार. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला राहायच्या तेव्हा आपले पूर्वज त्यांच्या पागेत होते.

गोष्ट ऐकायला एकसंध वाटते. छप्पनचा दुष्काळ म्हणजे विक्रम संवत 1956, इसवी सन 1899-1900. आक्कांचे आजोबा तेव्हा विशीचे असणार. वय जुळतं, दिशा जुळते, सिन्नरचा तो पट्टा पर्जन्यछायेतला असल्यामुळे कारणही जुळतं. पण ही गोष्ट आक्कांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेली नव्हती. आजोबा गेले तेव्हा त्या पाळण्यात होत्या. त्यांनी ती ऐकली आजीकडून, जात्याशी बसून. आणि आजी त्या घरात लग्न होऊन आलेली, म्हणजे तिनंही ती सासूकडून ऐकलेली. आपल्याकडे घराण्याच्या गोष्टी बहुतेक अशाच पोचतात. ज्या बायका त्या कुळात जन्मलेल्या नसतात, त्याच ते कूळ तोंडी सांभाळतात. पुरुषांना विचारलं तर चार नावं आणि एक तलवार मिळते.

अशी गोष्ट हाती आली की मी तिचे दोन ढीग करतो. घराचा मान वाढवणारं सगळं एका ढिगात: सरदारकी, पागा, वतन, राजानं दिलेली जमीन. ज्यानं कुणाचाच फायदा होत नाही ते दुसऱ्या ढिगात. पहिल्या ढिगाला पिढ्यानपिढ्या मुलामा चढत असतो. दुसऱ्या ढिगाशी खोटं बोलायला कुणाला कारण नसतं. आक्कांच्या गोष्टीत दुसऱ्या ढिगात टाकण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून गोष्ट बाजूला ठेवून मी त्यांना रीतिभातींबद्दल विचारत बसलो.

कुलदैवत? खंडोबा. सिन्नरच्या घराचंही खंडोबाच. यातून काही निघत नाही; अर्ध्या महाराष्ट्राचं कुलदैवत खंडोबा आहे. देवक? दोन्हीकडे पंचपल्लव. तेही इतकं सर्रास, की कुणाचंही कुणाशी जुळावं.

मग विचारलं, "आक्का, त्यांच्याकडे कुणी गेलं तर तुम्ही सुतक धरायचे का?"

"नाही बा. ते लांब राहायचे ना. निरोप यायचा, माणूस जाऊन यायचा. सुतक नाही धरलं कधी."

लांब राहतात म्हणून भावकीचं सुतक चुकत नाही. निरोप जितक्या उशिरा येईल तितके दिवस कमी धरतात, पण धरतात. मुंबईला गिरणीत असलेला भाऊबंद गावाकडच्या चुलत्यासाठी तिथे दाढी वाढवून बसायचा. सिन्नर ते निफाड तर बैलगाडीची वाट.

दुसरी गोष्ट त्यांनी आपण होऊन सांगितली, आणि सांगताना त्यांना ती भावकीचा पुरावा वाटत होती. त्या लहान असताना सिन्नरच्या घरी मुलीचं लग्न निघालं, की यांच्या घरचा माणूस गेल्याशिवाय अक्षता पडत नसत. पातळ आणि खण घेऊन जायचं, नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं. "एवढा मान कुणाला देतात? घरच्यालाच ना!"

नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा. हे आक्कांनाही माहीत होतं. पण भाऊ ही खूणगाठ इतकी पक्की बसलेली, की मामाचा मान समोर दिसत असूनही त्यांनी तो भावाच्या खात्यावर मांडला होता. मी तेव्हा काही बोललो नाही. रीत म्हणजे इशारा. तेवढ्यावर नातं ठरवलं असतं तर माझ्या आणि आक्कांच्या म्हणण्यात फरक काय राहिला?

पेटी आणि दप्तर

पेटीत बरंचसं निरुपयोगी होतं: शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीचे कागद, लग्नपत्रिका, एक फुटकं भिंग. तळाशी एक मोडी कागद निघाला. सावकाराला लिहून दिलेला कर्जरोखा, शके 1808, व्यय नाम संवत्सर. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो (जानेवारी ते फाल्गुन एवढ्या काळासाठी 79), म्हणजे हा रोखा 1886-87 चा. संवत्सराचं नाव सोबत असलं की पडताळा घेता येतो, कारण साठ नावांचं चक्र शकाशी बांधलेलं असतं. आकडा वाचण्यात चूक झाली तर नाव जुळत नाही. मोडीत याची फार गरज पडते. आधी ओळभर रेघ ओढायची आणि बोरू न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं, अशी ती लिपी. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि घाईत लिहिणाऱ्या कारकुनाची काही अक्षरं एकसारखीच दिसतात.

रोखा लिहून देणारा होता आक्कांच्या आजोबांचा बाप. "अमुक बिन तमुक" अशी नेहमीची धाटणी, बिन म्हणजे मुलगा. आणि त्या बापाच्या बापाचं नाव होतं तेच, जे आक्कांच्या आजोबांचं.

इथे पहिली गाठ सापडली. आजोबा वारले की पुढच्या मुलाला त्यांचं नाव ठेवायचं, ही आपली रीत. आक्कांच्या आजोबांना त्यांच्या आजोबांचं नाव होतं. म्हणजे घरात एकाच नावाचे दोन पुरुष, मध्ये एक पिढी. यापुढे त्यांना थोरले आणि धाकटे म्हणतो: थोरले, त्यांचा मुलगा (रोखा लिहिणारा), आणि त्याचा मुलगा धाकटे, म्हणजे आक्कांचे आजोबा. गोष्टीतला दुष्काळात आलेला माणूस यांपैकी कोणता?

जमिनीच्या नोंदी उलट दिशेनं, आजच्या सातबाऱ्यापासून मागे जात पाहाव्या लागतात. सातबाऱ्यावर फेरफाराचे, म्हणजे हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदींचे, नंबर गोलात लिहिलेले असतात. एकेक फेरफार काढायचा, त्यात ज्याचं नाव लागलं तो कुणाचा वारस हे पाहायचं, आणि त्याच्या मागचा फेरफार शोधायचा. नाशिक जिल्ह्याचे जुने अभिलेख आता बऱ्याच प्रमाणात ऑनलाइन मिळतात, त्यामुळे तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली धूळ थोडी कमी खावी लागते. पण मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदाच 1903 चा. त्याआधीचं कुटुंब फेरफारात भेटत नाही. आणखी मागे जायचं तर आणखी एक अडचण येते. नाशिक वेगळा जिल्हा झाला 1869 मध्ये. तोवर हा मुलूख अहमदनगर आणि खानदेशच्या दप्तरांत विभागलेला होता.

जुने फेरफार वाचताना काही खुणा माहीत हव्यात. "कोम" म्हणजे अमक्याची बायको. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मालक लहान असल्यामुळे त्याच्या वतीनं उभा असलेला मोठा माणूस. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, नाव एकाचं असतं पण जमीन सगळ्यांची. हे तिसरं न कळल्यामुळे पुष्कळ घरांत आजही कज्जे चालू आहेत.

या घराचा 1921 चा फेरफार महत्त्वाचा निघाला. वाटणीचा. धाकटे आणि त्यांचा सख्खा भाऊ यांच्यात जमीन विभागली गेली, आणि पुढे थोड्याच वर्षांत भावानं आपला हिस्सा धाकट्यांना विकून टाकला. म्हणजे आक्कांच्या गोष्टीतली वाटणी झाली होती, रुसून गेलेला भाऊही खरा होता. पण तो सिन्नरच्या घराचा पूर्वज असू शकत नव्हता, कारण सिन्नरच्या घराची तिकडच्या जमिनीवरची नोंद 1921 च्या आधीपासून अखंड दिसत होती, वेगळ्या बापाच्या नावानं.

मग रुसलेला भाऊ गेला कुठे? त्याच्यासाठी नमुना चौदा काढला, म्हणजे कोतवाल बुक, गावची जन्ममृत्यूची नोंद. जन्माच्या रकान्यात तिथे बाळाचं नाव बहुधा नसतंच, फक्त बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी. मृत्यूच्या रकान्यात कारण असतं: देवी, पटकी, ताप. 1918 च्या दिवाळीच्या आसपास "ताप" हा एकच शब्द पानामागून पान उतरलेला दिसतो. ती इन्फ्लुएन्झाची साथ. त्या पानांत या भावाची बायको आहे आणि काही ओळींनंतर त्याचा मुलगा. त्यानंतर तीन वर्षांनी वाटणी. गोष्टीनं त्याला रुसका ठरवलं आहे. तो पुढे कुठे गेला, हे मला सापडलं नाही. त्याचा वंश असल्याची नोंद नाही.

शाळेची दाखलखारीज रजिस्टरंही पाहिली. तिथे आक्कांच्या वडिलांचा जन्म 1 जूनचा. त्या काळी अर्धा महाराष्ट्र 1 जूनला जन्मला.

एवढ्यावर सिन्नरचं घर भावकीतलं नाही असा संशय बळावला, पण नातं काय हे कागद सांगत नव्हते. तलाठ्याच्या दप्तराला जमिनीशी संबंध, प्रेमाशी नाही. ज्याच्या नावावर वावर नाही तो त्या दप्तरात नाही.

रामकुंडावर

पितरांची नावं लिहून ठेवणारं दप्तर नाशिकात सरकारी कचेरीत नाही, रामकुंडाच्या परिसरात क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांच्या, घरी आहे. अस्थी घेऊन आलेले, तीर्थश्राद्धाला आलेले, सिंहस्थाला स्नानाला आलेले, सगळ्यांची नावं नामावळीच्या वह्यांत उतरलेली असतात. दक्षिण महाराष्ट्रात वंशावळ सांगणारा हेळवी दारी येतो. इथे आपल्याला वहीच्या दारी जावं लागतं. गावं आणि आडनावं उपाध्यांच्या घराण्यांत वाटलेली असतात. गाव सांगितलं की कुणाकडे जायचं हे तिथे उभा असलेला माणूस सांगतो. वही फडक्यात बांधलेली असते, जुनी पानं मोडीत, अलीकडची बाळबोधीत. वही उपाध्यांची खासगी ठेव आहे, त्यामुळे ती दाखवायची का आणि कुणाला, हे तेच ठरवतात. बहुतेक जण कुळातल्या माणसाला दाखवतात, परक्याला नाही, आणि त्यात गैर काही नाही.

म्हणून मुलीच्या वडिलांना आणि मुलाच्या आजोबांना, दोघांनाही बरोबर घेऊन गेलो. दोन गावं दोन वेगवेगळ्या उपाध्यांकडे होती. हे आमच्या पथ्यावर पडलं. एकाच हातानं लिहिलेल्या दोन नोंदी एकमेकींना दुजोरा देतात तेव्हा तो दुजोरा अर्धाच असतो.

निफाडच्या वहीतली सगळ्यांत जुनी नोंद शके 1799, ईश्वर नाम संवत्सर, म्हणजे 1877-78. थोरले आपल्या बापाचं श्राद्ध करायला आलेले. मूळ गाव सिन्नरकडचं लिहिलंय आणि पुढे "हल्ली वस्ती" म्हणून गोदाकाठचं गाव. म्हणजे घर छप्पनच्या दुष्काळात नाही, त्याच्या वीसेक वर्षं आधी इकडे आलं होतं. शके 1798, धाता संवत्सर, 1876-77: दख्खनचा मोठा दुष्काळ तो. पुढे छप्पनचा आला, तोही भयंकर, आणि लोकांच्या तोंडी त्याचंच नाव राहिलं. मागच्या दुष्काळाची कथा पुढच्या दुष्काळाच्या नावावर जमा झाली, जशी थोरल्यांची कथा धाकट्यांच्या नावावर झाली. धाकटे तर 1877 मध्ये जन्मलेही नव्हते.

त्याच वहीत पुढे थोरल्यांच्या मुलाची नोंद आहे, थोरल्यांच्या अस्थींची, दोनच वर्षांनंतरची. नव्या गावात आल्यावर म्हातारा फार जगला नाही. लगेच पुढच्या वर्षी धाकटे जन्मले आणि ते नाव परत घरात आलं.

सिन्नरच्या घराची नोंद दुसऱ्या उपाध्यांकडे, शके 1811, विरोधी नाम संवत्सर, 1889-90. तीर्थश्राद्ध करणारा मुलाच्या आजोबांचा आजा. वय लिहिलेलं नाही, पण पंचविशीच्या आतबाहेर असावा. आडनाव आजचंच. म्हणजे आडनाव कधी बदललंच नव्हतं. आक्कांच्या गोष्टीला भाऊ उभा करायचा होता, म्हणून तिला आडनाव बदलावं लागलं.

तीर्थश्राद्धात पिंड फक्त बापाकडच्या तिघांना देत नाहीत. बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी. आणि आजोळचे तीन पुरुष, मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह. प्रत्येक वहीत ही सगळी नावं उतरवलेली नसतात. लिहिणाऱ्याच्या मर्जीवर आणि त्या दिवशीच्या गर्दीवर ते असतं. या नोंदीत होती. बापाकडचे तीन पुरुष सिन्नरचे, अनोळखी. आईचं नाव. त्याखाली मातामह: थोरले. प्रमातामह: थोरल्यांचा बाप, ज्याचं श्राद्ध थोरल्यांनी निफाडच्या वहीत बारा वर्षांपूर्वी केलं होतं. दोन्ही नावं, त्याच क्रमानं. शेवटी सोबत आलेल्याचं नाव, नातं मामा: रोखा लिहिणारा तोच, थोरल्यांचा मुलगा.

मुलीचे वडील ते पान किती तरी वेळ पाहत होते. त्यांना मोडी येत नाही.

मामा मानलेलाही असतो, अशी शंका मुलाच्या आजोबांनीच काढली. शंका रास्त. पण मानलेल्या मामाच्या बापाला कुणी मातामह म्हणून पिंड देत नाही. पिंडाच्या वेळी मानलेली नाती चालत नाहीत, तिथे उपाध्ये "सख्खे ना?" असं विचारून घेतात.

काय घडलं असावं

नोंदी जोडल्यावर चित्र असं उभं राहतं. थोरल्यांची एक मुलगी सिन्नरकडच्याच घरात दिलेली. 1876 च्या सुमारास ती आणि तिचा नवरा दोघंही नव्हते, किंवा दुष्काळात गेले. दोघांपैकी कोण कधी गेलं, ते कळत नाही. 1889 च्या नोंदीत दोघांनाही पिंड आहे एवढं नक्की. तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा आजोबांबरोबर गाडीत बसून गोदाकाठी आला. आजोबा लवकर गेले, मामानं वाढवलं. एका चुलीवर जेवले, हे अक्षरशः खरं. मोठा झाल्यावर तो आपल्या बापाच्या गावी, बापाच्या जमिनीवर परत गेला. रुसून नाही, जाताना मामा त्याला घेऊन रामकुंडावर आला होता, यावरून तरी तसंच वाटतं. त्याच्या घरी मुलींची लग्नं निघाली की गोदाकाठचा मामा आहेर घेऊन जात राहिला, आणि मामाच्या पश्चात मामाची मुलं. दोन-तीन पिढ्या तो मान चालला. त्या घराचं सुतक मात्र धरायचं कारण नव्हतं.

पुढे नातसुनांच्या काळात या दोन घरांमधला दुवा कोण, हे सांगणारं कुणी उरलं नाही. थोरल्यांची मुलगी लग्न होऊन गेलेली, सासरी नाव बदललेलं असणार, जमिनीवर हक्क नाही, जन्माची नोंद नाही, लवकर वारलेली. दोन घरं इतकी जवळ का, याचं उत्तर तर द्यायलाच हवं. जवळच घडलेली दोन भावांची वाटणी त्या जागी आणून बसवली गेली. बहीण गळाली आणि तिच्या जागी भाऊ आला. मी पाहिलेल्या घराण्यांच्या गोष्टींत ही अदलाबदल सर्वांत जास्त वेळा होते. म्हणून दोन घरांचं नातं सांगणारी गोष्ट "दोघे सख्खे भाऊ" अशी सुरू झाली, की मी आधी त्यांच्यामध्ये एखादी मुलगी हरवली आहे का ते शोधतो.

घोडेस्वारीचं काय, असं मुलीच्या धाकट्या भावानं विचारलं. त्याला लग्नापेक्षा त्यातच जास्त रस होता. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, रुमालांत बांधलेलं; पण पथकाचं नाव, सरदाराचं नाव किंवा इनामाचं गाव, यांपैकी काहीतरी हातात असल्याशिवाय त्यात शिरणं म्हणजे गोदावरीत अंगठी शोधणं. या घराची जमीन साधी, साऱ्याची. इनामाचा मागमूस कुठल्याही कागदात नाही. गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती वंशावळीत लिहिणार नाही, एवढंच.

आक्कांना सांगायला आम्ही सगळेच गेलो. वहीतली नावं वाचून दाखवली. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. संवत्सर, शक यांत त्यांना रस नव्हता. मामाचं नाव आलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणून बोहल्यावर आणायला आपला माणूस." आणि मग, जरा वेळानं, "पण मग आजीनं भाऊ का सांगितलं?" याचं उत्तर कुणी दिलं नाही. आते-मामे नात्यात लग्न आपल्याकडे चालतं, त्यातून हे तर किती पिढ्यांचं लांबचं. त्यांची हरकत तिथेच संपली. सुपारी फुटली, लग्न माघात झालं.

वंशावळ मी त्यांना मोठ्या कागदावर काढून दिली. त्यात तीन रंग असतात. दोन स्वतंत्र नोंदींनी पक्कं झालेलं नाव काळ्या शाईत, एकाच नोंदीवर असलेलं निळ्या, नुसतं ऐकीव असेल ते पेन्सिलीनं. थोरले, त्यांचा बाप, मुलगा, धाकटे, सगळे काळे. थोरल्यांच्या मुलीचं नाव एकाच ठिकाणी आहे, सिन्नरच्या वहीत, म्हणून ते निळं. आक्कांनी कागदावर बोट ठेवून ते नाव कुणाचं ते विचारून घेतलं आणि म्हणाल्या, तिला काळ्या शाईत लिही. मी लिहिलं नाही. त्र्यंबकच्या उपाध्यांकडे मामाच्या घरची वही अजून पाहायची राहिली आहे. त्यात ती सापडली तर शाई बदलेन, असं त्यांना सांगितलंय.